मूळ पुरुषाचे कागद

मोडी वाचणाऱ्याकडे लोक कौतुकापोटी येत नाहीत, कामापोटी येतात, आणि ते काम बहुतेक वेळा जमिनीचं असतं. बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पत्र्याच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेला कागदांचा रुमाल कोणी उगाच सोडत नाही. कोर्टात तारीख पडलेली असते, नाहीतर भावाभावांची वाटणी अडलेली असते. म्हणून निपाणीच्या एका घरातून फोन आला आणि "आमचा मूळ पुरुष शोधून द्या" एवढंच मागणं निघालं, तेव्हा मी सवयीने विचारलं, "जमीन कुठली?"

"जमिनीचं काय नाही ओ बाई. पोरगा अमेरिकेत आहे. त्याला पायजे."

पोरगा ओहायोत नोकरीला. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या घराण्याचा शोध पार पहिल्या वसाहतकऱ्यापर्यंत नेलेला. अ‍ॅपलेशियन डोंगर ओलांडून नदीच्या खोऱ्यात उतरलेला कोणी एक जण, त्याने सरकारी जमीन कार्यालयातून घेतलेल्या रानाचा कागद, चर्चमधली लग्नाची नोंद, घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेले जन्म आणि मृत्यू. हे सगळं फायलीत लावून त्यांनी या पोराला दाखवलं, आणि पोराला वाटलं, आपलीही अशी एक फाइल असावी. व्हिडिओ कॉलवर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, १८०० सालची आपल्याकडची लोकसंख्येची यादी कुठे मिळेल?"

अमेरिकेतली पहिली जनगणना १७९०ची. पण तिच्यातही नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायका, मुलं, गुलाम हे सगळे नुसते आकडे. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला १८५० उजाडलं, आणि तेव्हाही गुलामांची नावं आली नाहीतच. आपल्याकडे पेशवाईत खानेसुमारी होत असे, घरधन्यांची नावं आणि गुरंढोरं लिहिलेले कागद सापडतात, पण तुमच्याच गावाचा, तुमच्याच सालचा कागद सापडेल याची खात्री नाही. हे त्याला सांगितलं. मग विचारलं, घरात काय सांगतात?

घरात सांगत होते ते असं. मूळ पुरुष फलटणचा. आप्पासाहेब निपाणकरांबरोबर शिलेदार म्हणून आला. स्वतःचा घोडा, स्वतःची तलवार. पराक्रमाबद्दल इनाम जमीन मिळाली, तेव्हापासून घराणं निपाणीचं झालं.

सीमाभागात मी ज्या घराण्यांचे कागद वाचले, त्यांतल्या एकाचाही मूळ पुरुष चालत आलेला नाही. सगळे घोड्यावरून आले. या गोष्टीला आता मी हसत नाही, कारण मुलूखच घोड्यांचा होता. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आजही ज्ञानोबांच्या पालखीसोबत जातात, ते काही आभाळातून पडलेले नाहीत. फलटणचं मात्र मला पटत नव्हतं. निपाणकर देसाई मूळचे नाईक-निंबाळकर, आणि निंबाळकर म्हटलं की फलटण. चाकरांनी धन्याचं गाव आपलं गाव म्हणून सांगायला सुरुवात करणं हे फार जुनं आहे.

थोडं या धन्याविषयी. सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, लोकांच्या तोंडी आप्पा देसाई निपाणकर. अठराव्या शतकाच्या शेवटी निपाणी म्हणजे अनेकांच्या सीमा जिथे एकमेकींत घुसतात तो तुकडा. उत्तरेला कोल्हापूरचे छत्रपती, पूर्वेला मिरज-सांगलीकडचे पटवर्धन, वर पुण्याचा पेशवा, आणि मधूनच उतरणाऱ्या शिंद्यांच्या फौजा. अशा जागी लहान देसाई एकतर चिरडला जातो, नाहीतर मोठा होतो. सिद्धोजीराव मोठे झाले. १७९९च्या सप्टेंबरात निपाणीजवळ पट्टणकुडीला परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरकरांशी लढताना पडले. त्यानंतरची दहा-बारा वर्षं या पट्ट्यात कोण कोणाचा, हे दर मोसमाला बदलत होतं. चिकोडी आणि मनोळी या दोन तालुक्यांवरून कोल्हापूर आणि निपाणी यांचं हाडवैर. १८१२मध्ये इंग्रजांनी मध्ये पडून कोल्हापूरकरांना त्यांच्यावरचा हक्क सोडायला लावला, १८१८मध्ये तेच तालुके कोल्हापूरला दिले, आणि १८२७पर्यंत पुन्हा काढून घेतले. नकाशावर बोट ठेवायचं तर सारखं उचलावं लागतं.

अशा देसायाला घोडेस्वार लागतात आणि रोख पगार द्यायला पैसे नसतात. मग तो जमीन देतो. पडीक रान, ओढ्याकाठचा माळ, पळून गेलेल्या कुळाचं शेत. शिलेदार तिथे घर बांधतो, विहीर पाडतो, गावाला एक आळी वाढते. ओहायोच्या म्हाताऱ्याच्या पूर्वजात आणि या शिलेदारात मला फार अंतर दिसलं नाही, एवढंच की आपल्याकडची जमीन कधीच कोणाची नव्हती असं सहसा नसतं. तशी मोकळी ती त्यांच्याकडेही नव्हती, पण तिथे ज्यांची होती त्यांचे कागद नव्हते.

रुमाल उघडला. वरच्या थराला फेरफाराचे उतारे, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, तंबाखू वखारीचे हिशेब. निपाणीच्या घराचा रुमाल म्हटल्यावर तंबाखू यायचाच. त्याखाली १८६०नंतरची इंग्रज सरकारची सनद, छापील नमुन्यात हाताने नावं भरलेली. आणि तळाशी मोडी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, शब्द तोडत नाहीत, लिहिणारा लेखणी उचलत नाही. त्यामुळे माणसाचं नाव कुठे संपलं आणि गावाचं कुठे सुरू झालं हे आधी संदर्भाने ठरवायचं असतं आणि मग डोळ्याने तपासायचं असतं. तळाच्या कागदांत निपाणकरांच्या सनदेची नक्कल होती. तारीख: सन मयातैन व अलफ. मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार. शुहूर सन १२००. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. म्हणजे १७९९च्या जूनपासून १८००च्या जूनपर्यंतचं वर्ष. पट्टणकुडी याच वर्षात येते.

घरातल्या थोरल्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पट्टणकुडीच्या लढाईत आमच्या आजोबांनी तलवार गाजवली! पुढची ओळ वाचेपर्यंत मी थांबले होते. पुढे लिहिलं होतं की हा पागेच्या चाकरीस नव्याने राहिला, वतनी मौजे अमुक, प्रांत मिरज. फलटण नव्हतंच. मिरज प्रांत म्हणजे पटवर्धनांचा मुलूख. तर्क माझा आहे, कागद एवढं बोलत नाही, पण नव्याने चाकरीस राहिलेला मिरजेकडचा स्वार म्हणजे परशुरामभाऊ पडल्यावर धनी हरवलेल्यांपैकी एक असण्याचा संभव मोठा. पट्टणकुडीला तो असलाच, तर दुसऱ्या बाजूला असणार.

"म्हणजे फितूर?" थोरल्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पोटासाठी धनी बदलणाऱ्याला तेव्हा कोणी फितूर म्हणत नसे. सरदारच दर वर्षाला बदलत होते. त्यांचं समाधान झालं नाही, पण ओहायोतला पोरगा खूश झाला. त्याला शूर पूर्वजापेक्षा अडचणीत सापडलेला पूर्वज जास्त जवळचा वाटला असावा. तोही कंपनी बुडाल्यावर दुसरीकडे गेलेला होता.

खरी गाठ दुसऱ्या पिढीनंतर लागली. इंग्रज सरकारच्या सनदेवरचं नाव आणि पहिल्या शिलेदाराच्या मुलाचं नाव यांच्यामध्ये जो धागा असायला हवा तो रुमालात नव्हता. त्यासाठी पुण्याला पेशवा दफ्तरात गेले. दफ्तराची ही इमारत १८९१ची, पण इथे जे आहे त्याचा मोठा भाग इनाम कमिशनने गोळा केलेला. दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी १८४३मध्येच सुरू झाली होती. १८५२च्या कायद्याने तिला धार आली. प्रत्येक इनामदाराने कैफियत द्यायची: इनाम कोणी दिलं, केव्हा दिलं, देणाऱ्याला ते देण्याचा अधिकार होता का, किती वर्षं उपभोग चालला, आणि आजचा धारक मूळ इनामदाराच्या पुरुष वंशातला आहे का. सोबत वंशावळ जोडायची. आज सीमाभागात ज्याला आपण घराण्याचा इतिहास म्हणतो, त्यातला पुष्कळसा या एका खात्याच्या संशयातून जन्मला आहे. सरकारने विचारलं नसतं तर आपल्या पणजोबांच्या पणजोबांचं नाव लिहून ठेवायचं कोणाला सुचलं नसतं.

कैफियत सापडली. देणारी एक विधवा, पहिल्या शिलेदाराची सून. नवरा वारलेला, मुलगा अज्ञान, त्याची वाली म्हणून ती लिहून देते. मुलाविषयी एक शब्द तीनदा येतो: औरस. वंशावळीत रेघ सरळ खाली उतरते. कारकुनाचं अक्षर सुरेख, मजकुराला कुठे खाडाखोड नाही. मला मात्र तीनदा आलेला तो शब्द खुपत राहिला. ज्याच्याविषयी कोणी शंका घेतलेली नाही, ते माणूस इतक्यांदा सांगत नाही.

बाकीचं पुण्यात मिळण्यासारखं नव्हतं. निपाणीला परत आले आणि घरातल्या आज्जींपाशी बसले. नव्वदीच्या पुढच्या, कानाने थोड्या कमी, बाकी लख्ख. कुलदैवताचं विचारलं: वाडीचा जोतिबा, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेच्या जत्रेला सौंदत्तीची यल्लम्मा. यावरून काही ठरत नाही. इकडच्या निम्म्या घरांत दोन्ही चालतात. मग लग्नसंबंधांचं विचारलं. सोयरीक कुठे करता, कुठे करत नाही. वंशावळ शोधणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा असं माझं मत आहे, कारण माणसं नातं विसरतात, बंदी विसरत नाहीत.

आज्जी म्हणाल्या, "हुक्केरीकडं एक घर हाय. आडनाव दुसरंच. पर तिकडं आमची लेक देत न्हाईत, त्यांची आणत न्हाईत."

"का?"

"भाऊकी हाय म्हणत्यात."

"आडनाव दुसरं, मग भाऊकी कशी?"

"ते मला काय ठावं? सासूनं सांगितलं, मी पाळलं."

आडनाव वेगळं, देवक वेगळं, गाव वेगळं आणि तरी भाऊकी. याचा अर्थ मला एकच दिसत होता. दत्तक गेलेला मुलगा नव्या घराचं गोत्र घेतो, नव्या घराला पिंड देतो, पण जन्मघराशी सोयरीक करता येत नाही. तेवढा एक धागा तुटत नाही, आणि तो बायका सांभाळतात.

हेळवी शोधला तो यानंतर. उत्तर कर्नाटकात आणि कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांचं बालपण खेड्यात गेलं, त्यांना हेळवी सांगावा लागत नाही: सुगीनंतर बैलावरून येणारा, घंटा वाजवत दारात उभा राहून घराण्याची नावं एका दमात म्हणणारा, आणि धान्य-कापड घेऊन नव्या जन्मलेल्यांची नोंद करून पुढे जाणारा. प्रत्येक हेळव्याची घरं ठरलेली, बापाकडून मुलाकडे आलेली. हल्ली बैलाऐवजी मोटारसायकल असते. चोपडी मात्र तीच. या घराचा हेळवी बेळगाव जिल्ह्यातच राहणारा निघाला. वयाने माझ्याएवढा, नोंदी कन्नडात. मी कन्नड वाचते पण सावकाश, म्हणून तोच वाचत गेला आणि मी पानावर बोट ठेवून तपासत गेले.

पहिला शिलेदार मिळाला. त्याचा मुलगा मिळाला. त्याच्याखाली जागा कोरी, आणि तिसऱ्या पिढीतला मुलगा शेजारी, किंचित वर, वेगळ्या ओळीत.

"ह्यो खाली का न्हाई?" मी विचारलं.

"अक्का, ह्या घरात पोरगं आलंय," तो म्हणाला. "जन्मलं न्हाई. आलंय." आणि त्याने हुक्केरीकडच्या त्या गावाचं नाव वाचलं.

हेळव्याची चोपडी कोर्टात किती चालेल हा वेगळा प्रश्न. वकील तिला सहज फाडून काढतील. नक्कल करताना नावं गळतात, मधली पिढी वगळली जाते, दक्षिणा चांगली मिळाली तर आजोबा एकदम सुभेदार होतात. पण या नोंदीत कोणाचा फायदा नव्हता. ज्या नोंदीत फायदा नाही तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

तरी दुसरा पुरावा हवा होता, आणि तो हुक्केरीकडच्या घरी मिळाला. त्या घरात आज कन्नड बोलतात, मराठी कळते. मी येणार म्हणून त्यांनी आधीच रुमाल काढून ठेवला होता. त्यात फारखतीचा कागद होता, मोडीत. आपला मुलगा निपाणीच्या विधवेच्या ओटीत दिला, आता त्याचा आमच्या जमिनीत हिस्सा नाही, आमचा त्याच्या जमिनीत नाही, साक्षीदार अमुक अमुक. मुलगा घेणाऱ्यांनी दत्तपत्र केलं असेल ते ठेवलं नाही, किंवा ठेवायचं नव्हतं. मुलगा देणाऱ्यांनी मात्र आपला कागद जपला, कारण उद्या हा पोरगा हिस्सा मागायला आला तर?

त्या विधवेने सरकारला खोटं का लिहून दिलं हे समजायला निपाणीचंच उदाहरण पुरे आहे. सिद्धोजीरावांना औरस मुलगा नव्हता. १८३९मध्ये ते वारले आणि दत्तकाला मान्यता न देता इंग्रजांनी संस्थान खालसा केलं. १८४१मध्ये निपाणीच्या किल्ल्यात अरब शिबंदीने उठाव केला, बेळगावहून फौज आली आणि किल्ला पडला. त्याआधी कित्तूर: १८२४मध्ये शिवलिंगप्पाला दत्तक म्हणून धारवाडच्या कलेक्टराने, थॅकरेने, मानलं नाही; लढाई झाली, थॅकरे मारला गेला, राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत वारली. नंतर १८५८मध्ये नरगुंदच्या भास्कररावांच्या बंडामागेही दत्तकाची नामंजुरी होतीच. त्या बंडात सुरेबानला ज्या इंग्रज साहेबाला, मॅन्सनला, मारलं तो आधी इनाम कमिशनचा अधिकारी होता. राजांचे दत्तक चालत नाहीत हे डोळ्यांदेखत पाहिलेली बाई शिलेदाराच्या चार बिघ्यांसाठी खरं बोलेल कशाला? तिने गावातून कोणीतरी शहाणा कारकून गाठला आणि पोराला पोटचा करून टाकलं. पाटील-कुलकर्ण्यांच्या साक्षा कैफियतीवर आहेत. म्हणजे गाव तिच्या बाजूने होता.

गंमत अशी की काही वर्षांतच या खोट्याची गरज उरली नाही. १८६३च्या कायद्याने सरकारने चौकशीचं लचांड आवरतं घेतलं. आकाराच्या चौथ्या हिश्शाइतकी जुडी आणि वर थोडा नजराणा भरायचं कबूल करा, मग जमीन तुमची, विका, दत्तक घ्या, आम्ही विचारणार नाही. रुमालातली सनद तीच. पण एकदा सरकारदरबारी औरस झालेला माणूस पुन्हा दत्तक होऊ शकत नव्हता. दोन पिढ्यांत घरही विसरलं. राहिली ती फक्त सोयरिकीची बंदी.

पुढच्या पिढ्यांचं काम तुलनेने सोपं, फक्त पायपिटीचं. एक शाखा कागल जहागिरीत गेली, म्हणजे कोल्हापूर संस्थानात. एक बेळगावला लागून असलेल्या शहापुरात, पण शहापूर सांगली संस्थानचं, त्यामुळे तिचे कागद सांगलीकडे. मूळ घर निपाणीत, ब्रिटिश हद्दीत. तीन भाऊ, तीन राज्यं. मग १९५६ला निपाणी, बेळगाव, शहापूर म्हैसूर राज्यात, कागल मुंबई राज्यात, नंतर महाराष्ट्रात. आज कर्नाटकातल्या तहसिलीत जुनी हक्कपत्रकं मराठीत आणि मोडीत पडून आहेत, ती काढून देणारा कारकून बहुधा फक्त कन्नड वाचणारा. तो सज्जन असतो, चहा पाजतो, आणि "तुम्हीच बघून घ्या" म्हणून गठ्ठा पुढे सरकवतो. निपाणीच्या पोरांचं देवचंद कॉलेज हद्दीपलीकडे, अर्जुननगरला, कागल तालुक्यात आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीने एक चांगलं काम केलं. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं चित्रीकरण १९७७पासून केलं, त्यामुळे ओहायोच्या पोराला तो प्रकार ऐकून माहीत होता. नाशिक-त्र्यंबकलाही अशा वह्या आहेत याचं त्याला अप्रूप वाटलं. त्या वहीत दत्तक मुलाचा हातचा लेख मिळाला, मोठा झाल्यावरचा. आईच्या अस्थी घेऊन आला होता. आईचं नाव त्याने लिहिलं आहे, आणि साऱ्या कागदांत तिचं नाव येणारी ती एकच जागा. कैफियतीत ती फक्त अमक्याची विधवा आहे, फारखतीत फक्त निपाणीची बाई. लेखात त्याने जन्मघराचा उल्लेख केलेला नाही.

तक्ता करायची वेळ आली तेव्हा घरात वाद झाला. थोरल्यांचं म्हणणं, कैफियतीत औरस आहे ना, सरकारी कागद आहे, तेच लिहा. पोराच्या संगणकातल्या वंशवृक्षात प्रत्येक मुलाशेजारी जन्मजात की दत्तक असा रकाना होता, आणि त्याला तो खरा भरायचा होता. त्याने भीत भीत असंही विचारलं की म्हणजे आपण खरे या घराण्याचे नाहीच का?

आज्जींना कोणीतरी कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पिंड कुणाला दिलं त्यानं? मग झालं की." थोड्या वेळाने पुन्हा, "कोल्लापूरचं म्हाराज कागलातनंच न्हेलं न्हवं?"

आज्जींचा इतिहास पक्का होता. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४च्या मार्चमध्ये कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी मांडीवर घेतला आणि तो शाहू झाला. त्यांना कोणी निम्मे छत्रपती म्हणत नाही. थोरल्यांनी मग वाद सोडला, पण तक्त्यात 'दत्तक' हा शब्द बारीक टाइपात घ्या अशी अट घातली. मी सगळ्यांच्याच नावापुढचा तपशील बारीक टाइपात घेतला. विधवेचं नाव तेवढं मोठ्या टाइपात, नवऱ्याच्या बरोबरीने. ते कोणी सांगितलं नव्हतं.

काम संपलं असं मी धरून चालले होते. तेवढ्यात कागलच्या शाखेतला एक पुतण्या आला. २०२३पासून महाराष्ट्रात आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची लाट आली, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि आम्हा मोडी वाचणाऱ्यांचे फोन बंद पडेनात. पूर्वी जो तो आपला पूर्वज सरदार निघावा म्हणून पैसे मोजायचा. आता तोच पूर्वज शेतकरी निघावा म्हणून मोजतो. याला मी वाईट म्हणत नाही. कंपनी सरकारने त्या विधवेला जो प्रश्न विचारला त्याचं तिने जमीन वाचेल असं उत्तर दिलं. आजच्या पोराला प्रश्न दाखल्याचा आहे. पुतण्याला शिलेदाराच्या सनदेत काडीचा रस नव्हता. त्याला गाव नमुना १४ हवा होता, जन्ममृत्यूची ती वही जिला गावात कोतवाल बुक म्हणतात.

ती पाहिली. एका चुलत्याच्या नोंदीपुढे जातीच्या रकान्यात 'कुणबी' आहे, दुसऱ्याच्या पुढे 'मराठा'. दोघे सख्खे भाऊ, वही लिहिणारे हात वेगळे. १८८४च्या बेळगाव गॅझेटियरने मराठा आणि कुणबी असे वेगळे मथळे दिले आहेत, पण गावात लिहिणाऱ्याने समोर कोण उभं आहे, हातात काय आहे, हे पाहून लिहिलं असणार.

पुतण्याने 'कुणबी'च्या पानाची प्रमाणित प्रत मागितली. निपाणीच्या थोरल्यांना ते कळलं आणि त्यांनी 'मराठा'च्या पानाची मागितली. कर्नाटकात त्यांना तिचा दाखल्यापुरता काही उपयोग नाही. त्यांना ती चौकटीत लावायची आहे, सनदेशेजारी. दोघांचे अर्ज मीच लिहून दिले, एकाच टेबलावर, आणि एकाच पाकिटातून कागलच्या तहसील कार्यालयाला पाठवले. ओहायोच्या पोराला दोन्ही पानं हवी आहेत. त्याला मी सांगितलंय, वाचनाचे पैसे एकदाच लागतील.